शेंगदाण्याशिवाय पोहे

आमच्या बस स्टॉपचं नाव तिकिटावर एक होतं आणि कंडक्टरच्या तोंडी दुसरं. तळवड्याची वर्कशॉपं संपून रस्त्याच्या कडेला बाभळी लागल्या की तो दांड्याला पाठ टेकवून ओरडायचा, "चला, रिमांड होमवाले पुढं या." मग आई आणि मी पिशव्या सावरत उतरायचो आणि उरलेली बस खिडक्यांतून आमच्याकडे बघायची. लोकांना वाटायचं, बाईचं पोरगं आत असणार. एकदा शेजारच्या सीटवरच्या एका म्हातारीनं आईच्या हातावर हात ठेवून विचारलं, "किती दिवस झाले गं आत जाऊन?" आई म्हणाली, "लई वर्षं झाली, मावशी. आता रिटायर झाल्यावरच सुटका." म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. आई खाली उतरून भिंतीला टेकून हसत राहिली. मला मात्र हसावं की रागवावं ते कळेना. त्या सगळ्या वर्षांत मला बऱ्याच गोष्टी कळत नव्हत्या आणि त्यातल्या काही अजून कळलेल्या नाहीत. म्हणून हे प्रकरण लिहिते आहे.

आई तिथं स्वयंपाकी होती. गेटवर पाटी होती, मुलांचे शासकीय निरीक्षणगृह. ऑफिसात मुलांना 'विधी संघर्षग्रस्त बालक' म्हणत. हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटलं, ही मुलं वकिलीचा अभ्यास करतात. आई त्यांना नुसतं पोरं म्हणायची. आम्ही इमारतीच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मोरी आणि वर गच्ची. आमची मागची भिंत आणि तिथल्या मोठ्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती, त्यामुळे आमच्या घरात दोन घरांचे आवाज असायचे. पहाटे पप्पांच्या कंपनीच्या बसचा हॉर्न, मग पलीकडे मोठी परात फरशीवर ओढल्याचा खरखराट, मग घंटा, मग ओळीत उभं राहून मोजणी. मोजणी दिवसातून कितीदा तरी व्हायची. उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, खेळायला सोडताना, परत घेताना. एखादा पोरगा संडासात राहिला तर पूर्ण मोजणी पुन्हा. मी त्या आवाजावर अभ्यास केला, दहावी काढली, बारावी काढली, आणि आमच्या दोन्ही बाजूंच्या घराण्यांत पहिली पदवीधर झाले. हे सांगायला मला कसलाही संकोच वाटत नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात अजून माझा उल्लेख 'ती बी.ए. झालेली' असाच होतो, आणि तो मला आवडतो.

लहानपणी मी काळजीवाहक तुकाराममामांना विचारलं होतं, "मामा, ही शाळा आहे की जेल?" मामा कुरुळीचे. त्यांच्या भावकीच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, भाऊबंदांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, पण मामांनी सरकारी नोकरी सोडली नाही. "दोन्ही बी न्हाई," ते म्हणाले. "हितं फकस्त थांबायचं आसतं."

"कशासाठी?"

"काय करायचं ते ठरंपत्तूर."

मामांनी सांगितलं त्याहून चांगली व्याख्या मला पुढे समाजशास्त्राच्या पुस्तकातही सापडली नाही. पोरगा आला की त्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत तो तिथं राहायचा. कुणी चार दिवसांत आई-बापांच्या ताब्यात जायचा, कुणाचे महिने जायचे. आणणारे पोलीस साध्या कपड्यांत असायचे. गणवेशात यायचं नाही असा नियम होता, पण त्यांचे बूट बघून कुणालाही कळायचं. ठरलेल्या वारी समोरच्या हॉलमध्ये बाल न्याय मंडळ बसायचं. मॅजिस्ट्रेट मॅडम आणि समाजसेवेतली दोन माणसं, टेबल साधं, पिंजरा नाही, पोरगा खुर्चीवर बसणार. कोर्टासारखं दिसू नये म्हणून सगळी काळजी. तरी आतून बाहेर येणारा प्रत्येक पोरगा "तारीख पडली" असंच म्हणायचा. परिवीक्षा अधिकारी होते, त्यांना सगळे पीओ सर म्हणत. ते पोरांच्या घरी जाऊन यायचे, शेजारीपाजारी विचारायचे, अहवाल लिहायचे. कॅरम होता, टीव्ही होता, शिवणाचं मशीन होतं, एक मास्तर गणित शिकवायला यायचे. आणि प्रत्येक दाराला कडी बाहेरून होती. मी गच्चीवर उभी राहून ते अंगण बघायचे आणि माझ्या डोक्यात गोंधळ व्हायचा. ज्या घराला कडी बाहेरून असते ते घर कुणाचं?

आईला हे प्रश्न पडत नसत, किंवा पडले तरी ती परातीपाशी सोडून घरी यायची. तिचे आमच्यासाठी काही नियम होते. पोरगं काय करून आलंय ते विचारायचं नाही, तिलाही नाही आणि मामांनाही नाही. गच्चीवरून टक लावून बघायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, सुटलेला पोरगा बाहेर कुठं दिसला तर ओळख दाखवायची नाही. त्यानं आधी दाखवली तर बोलायचं, नाहीतर तो आपल्याला अनोळखी. हा नियम ऑफिसचा होता की आईचा, ते मला नक्की माहीत नाही. पण तिथली सगळी माणसं तो पाळायची. एकदा चिखलीच्या बाजारात एक उंच पोरगा बायकोबरोबर भाजी घेत होता. आईला बघून त्याचा हात भेंडीवरच थांबला. आई त्याच्याकडे न बघता कांदे निवडत राहिली, एकेक कांदा उचलून दाबून बघत, तो जाईपर्यंत. मग म्हणाली, "दांडगा झालाय." एवढंच. आणि गरज नसताना किलोभर कांदे जास्तीचे घेतले.

निघायच्या वेळचीही एक पद्धत होती. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'जातो' म्हटलं की घरातली बाई दटावते, येतो म्हण. तिथं उलटं होतं. सुटणारा पोरगा सवयीनं "येतो काकू" म्हणाला की तुकाराममामा गेटवर त्याला थांबवायचे. "आरं येतो काय? जातो म्हन. मोठ्यानं म्हन." पोरगा "जातो" म्हणाला की मगच कडी निघायची. आईसुद्धा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेच ऐकायची आणि मान हलवायची. माझी एक मैत्रीण अभ्यासाला आमच्याकडे आली होती, तिनं हे ऐकलं आणि घाबरून गेली. "असं अशुभ काय बोलायला लावतात?" मला तिला समजावता आलं नाही. मला स्वतःलाच ते कधी अशुभ वाटायचं आणि कधी त्याहून शुभ काही नाही असं वाटायचं.

अन्नाचं सगळं वजनावर चालायचं. डोईप्रमाणे डाळ, डोईप्रमाणे तांदूळ, भाजी, तेल, आणि सगळ्यांना सारखं. 'कुणाला वेगळं काही करायचं नाही, पायंडा पडतो' हे अधीक्षक सरांचं वाक्य होतं. माणूस वाईट नव्हता. एकाला लोणचं दिलं की दुसऱ्याच्या डोळ्यांत येतं आणि दुपारी मारामारी होते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. मी दहावीत असताना एक नवा पोरगा आला. त्याला इथं मी सागर म्हणते. ते त्याचं नाव नाही. हे लिहायला घेण्याआधी मी त्याची परवानगी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "नाव बदल, बाकी काही गोड करू नको." तर हा सागर आला तेव्हा पहिले काही दिवस जेवतच नव्हता. ताटापुढे बसायचा आणि ताट उचलून ठेवायचा. मग एका रविवारी नाश्त्याला पोहे होते आणि ते त्यानं खाल्ले. थोड्या वेळानं त्याचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वासाला शिट्टी लागली. तुकाराममामांनी त्याला खांद्यावर टाकून जीपपर्यंत पळवलं. आई तशाच हळदीच्या हातांनी जीपमध्ये बसली. डॉक्टर म्हणाले, शेंगदाणे. पुन्हा पोटात गेले तर सांगता येत नाही.

आता, आमच्या स्वयंपाकात शेंगदाणे कशात नसतात? पोह्यात, उसळीत, वांग्यात, चटणीत. मराठवाड्याची बाई दाण्याचं कूट घातल्याशिवाय भाजी उतरवत नाही. आई सरांपुढे जाऊन उभी राहिली. सर म्हणाले, "पायंडा पडेल." आई म्हणाली, "सर, सगळ्यांना सारखं म्हणजे सगळ्यांना पोटभर. त्याला मरायला घालायचं, हे सारखं कसं होईल?" सर बराच वेळ पेन फिरवत बसले आणि म्हणाले, "करा, पण फार दिसू देऊ नका." त्या दिवशी आईनं आमच्या घरातली छोटी लोखंडी कढई पदराखाली झाकून तिकडे नेली. मोठ्या पातेल्यात कूट पडायच्या आधी त्याच्यापुरतं त्या कढईत काढायची. त्यानं मात्र वाढणाऱ्यावर कधी विश्वास ठेवला नाही. ओळीत येताना डावा हात ताटावर पालथा धरून यायचा, आणि आईनं "तुझं वेगळं आहे" म्हटल्यावरच तो हात काढायचा. खिडकीतून तो पालथा हात मी कितीतरी वेळा पाहिला. काय करून आला होता ते मला माहीत नव्हतं. तो सुटला त्या दिवशी गेटवर त्यानं "जातो" पहिल्याच वेळेला म्हटलं. मामांना सांगावं लागलं नाही. कढई परत घरी आली.

मग पप्पांनी कर्ज काढून मोशीला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि आम्ही क्वार्टर सोडली. आई बसनं कामाला जाऊ लागली. मी कॉलेजात. त्याच सुमाराला रंजनामावशी, आईची धाकटी बहीण, आमच्याकडे राहायला आली. तळवड्याला गाड्यांच्या वायरी जोडायच्या एका युनिटमध्ये तिला काम मिळालं. मावशी हसरी, फटकळ, लाइनवर सगळ्यांत वेगवान. पण गावाकडं तिचं लग्न पत्रिका छापून झाल्यावर मोडलं होतं. नवऱ्या मुलाची एक बायको आधीच सुरतेला होती, हे हळदीच्या आदल्या दिवशी कळलं. त्याच्या घरच्या सगळ्यांना माहीत होतं, मध्यस्थाला माहीत होतं, फक्त आमच्या माणसांना नव्हतं. तेव्हापासून मावशीची एकच अट. "काळा चालंल, गरीब चालंल, तुटक्या खोलीत राहीन. पण लपवाछपवी नको. ज्यानं मला एक गोष्ट लपवली त्याच्या दारात मी चप्पल काढणार न्हाई."

पप्पांनी तिच्यासाठी स्थळ शोधायचं मनावर घेतलं आणि एके दिवशी शिफ्टवरून आले ते खुशीतच. "रंजू, तुझं काम झालं समज. आमच्या टूलरूमला पोरगं आहे एक. आयटीआय केलेलं. व्यसन नाही, ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही, कुरुळीत खोली घेऊन राहतो. साहेबसुद्धा त्याला विचारून मशीनला साच्याची डाय लावतात. सागर नाव."

आईनं भाकरी थापताना नाव ऐकलं पण हात थांबला नाही. सागर तिच्याकडे दर वर्षी दोन-तीन यायचे. पप्पांनी कंपनीत कधी बायको कुठं काम करते ते सांगितलं नव्हतं. 'सरकारी नोकरीत आहे' एवढं म्हणायचे, आणि पुढं कुणी विचारलं की चहा मागवायचे. त्यामुळे तिकडे त्यालाही काही माहीत नव्हतं.

रविवारी तो आला. एकटाच. पप्पांनी मुद्दाम कार्यक्रम केला नव्हता. "आधी नुसते पोहे खाऊ, जमलं तर मोठ्या माणसांना बोलवू," म्हणाले. मावशी आतल्या खोलीत वेणीला गजरा लावावा की नको यावर माझं डोकं खात होती. "गजरा लावला तर वाटंल मीच उतावीळ."

"आणि नाही लावला तर?"

"तर वाटंल हिला कुणी विचारत न्हाई. तू बी.ए. करायलीस ना, सांग की."

मी म्हटलं, हा प्रश्न सिलॅबसमध्ये नाही. तेवढ्यात बाहेर पावलांचा आवाज झाला, पप्पांचं "ये, ये, लाजू नको राव" ऐकू आलं, आणि मी आईला मदत करायला स्वयंपाकघरात गेले. मोठ्या कढईत पोहे तयार होते, तळलेले शेंगदाणे वर चमकत होते. आई दाराच्या फटीतून बाहेर बघत होती. मग ती वळली, स्टूलवर चढली, माळ्यावरून ती छोटी लोखंडी कढई खाली काढली, पदरानं पुसली आणि गॅसवर ठेवली. तेल, मोहरी, कांदा, भिजवलेल्या पोह्यांतली उरलेली मूठ. ती कढई बघून मला कळलं बाहेर कोण बसलंय. चेहऱ्यावरून मी त्याला ओळखलंच नसतं.

"आई," मी म्हटलं.

"गप बस. लिंबू चीर."

आई तेव्हा काय विचार करत होती, हे मी नंतर तिला अनेकदा विचारलं. ती म्हणाली, "काहीच न्हाई. हाताला आधी कळलं, डोक्याला मागून." मला ते खरं वाटतं. नियम पाळायचा म्हणून ती बाहेर गेली नाही. ओळख दाखवायची नव्हती. आणि त्याच वेळी तिच्या हातांनी जगातली सगळ्यांत स्पष्ट ओळख एका प्लेटमध्ये वाढून ठेवली होती. तिनं ट्रे मावशीच्या हातात दिला आणि म्हणाली, "कडेची प्लेट त्याची." मावशीनं सगळ्या प्लेटा बघितल्या, कडेची बघितली, आईकडे बघितलं. मग बाहेर गेली.

मी दारात उभी होते. सागरनं प्लेट हातात घेतली, चमचा उचलला आणि तो प्लेटकडे बघतच राहिला. पप्पा बोलत होते, डायविषयी, कुठल्याशा ब्रेकडाउनविषयी. मग त्यांचं लक्ष गेलं. "अरे, तुझ्यात शेंगदाणेच नाही आले. आमच्याकडं पाहुण्याला असे बोडके पोहे देतात होय? थांब." आणि त्यांनी आपल्या प्लेटमधले दाणे चमच्यात गोळा करून चमचा त्याच्या प्लेटवर नेला. जो पोरगा ओळीत हात पालथा धरून यायचा, त्याचा हात हललासुद्धा नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.

"घालू नका त्याला," आतून आई ओरडली. आईला एवढं मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती बाहेर आली, हातात झारा तसाच. "त्याला चालत न्हाईत."

पप्पांचा चमचा तसाच हवेत. मावशी ट्रे घेऊन उभी.

"अक्का," मावशी म्हणाली, "तुला काय माहीत?"

आईला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची मुभा नव्हती. शेवटी म्हणाली, "असतं एकेकाला. न्हाई सोसत."

"असतं एकेकाला. पण ह्याला असतं हे तुला घरात बसून कळलं?"

सागरनं प्लेट टीपॉयवर ठेवली आणि उभा राहिला. "मी सांगतो."

"तू काही सांगायची गरज न्हाई," आई म्हणाली. "कायद्यानं न्हाई. तुलाबी न्हाई अन् मलाबी न्हाई."

"पोह्यात कसला आलाय कायदा?" मावशी म्हणाली.

"मी काकूंच्या हातचं जेवलोय," सागर म्हणाला. "बरेच महिने. रिमांडला होतो मी."

खाली सोसायटीत कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज वर येत होता. पप्पांनी चमचा आपल्या प्लेटमध्ये परत ठेवला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता, फसल्यासारखाही नव्हता. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे गेटपास एकाच माणसाच्या गळ्यात दिसावेत आणि यातला खरा कुठला ते कळू नये, तसा काहीतरी होता. "काय केलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"ते विचारायचं नसतं," आई म्हणाली.

"तुझ्या तिथं नसेल विचारायचं. हे माझं घर आहे. माझ्या मेहुणीचा प्रश्न आहे."

"मग मी बी इथलीच हाय ना? मी इथं एक अन् तिथं एक, अशी कशी होऊ?"

मावशी मात्र वेगळंच विचारत होती. ती सागरकडे वळली. "तुम्ही हे मला कधी सांगणार होता?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही. सुटताना पीओ सरांनी समोर बसवून सांगितलं होतं, आता तुझ्या नावावर काही राहणार नाही, कागदसुद्धा राहणार नाही. नोकरीत विचारलं तरी सांगायला तू बांधील नाहीस. मी कंपनीत नाही सांगितलं. ते बरोबरच होतं ना? मग मी धरून चाललो की ते झालंच नव्हतं. पण लग्नाचं काय, ते सरांनी नाही सांगितलं. मीही नाही विचारलं. सतरा वर्षांचा होतो, लग्नाचं काय विचारणार." त्यानं आईकडे बघितलं. "सांगितलं तर मला दिलेलं मीच फुकट घालवलं असं होतं. नाही सांगितलं तर लपवलं. मी येताना बसमध्ये तेच घोकत होतो. आज नको, दुसऱ्या वेळी सांगू, असं ठरवलं होतं. म्हणजे आत्ता असं वाटतंय की ठरवलं होतं."

त्याचं हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलं. त्याला 'ठरवलं होतं' एवढंच म्हणता आलं असतं आणि आम्ही विश्वास ठेवला असता.

मावशी खाली बसली. ट्रे मांडीवर. "अक्का, तूच सांग. कसा होता हा?"

"मी फक्त जेवायला घालते."

"मी तुला सरकारी माणूस म्हणून न्हाई विचारत. तू माझी बहीण हाईस का सरकारची?"

आईनं झारा या हातातून त्या हातात घेतला. मला वाटलं, आता ती सगळं सांगेल. चांगला होता म्हणेल, किंवा आणखी काही. तिनं सांगावं असं मला फार वाटत होतं आणि सांगू नये असंही तेवढंच वाटत होतं. एवढी वर्षं कांदे निवडत राहिलेली बाई एका रविवारी आपल्या बहिणीसाठी तोंड उघडणार असेल, तर बाकीच्या सगळ्या पोरांचं काय? आणि बहिणीसाठीही उघडणार नसेल, तर बहीण कशाला म्हणायचं? आई म्हणाली, "पहिले काही दिवस जेवला न्हाई. मग जेवायला लागला. कुणाच्या ताटातलं घेतलं न्हाई. एवढं माझ्या डोळ्यासमोरचं हाय. बाकीचं त्याचं हाय, त्यानं द्यायचं."

सागरनं मग स्वतःच सांगितलं, कुणी न विचारता, उभ्यानंच. काय ते मी इथं लिहिणार नाही. आईचा नियम मोडायचा अधिकार त्याचा होता, माझा नाही. एवढंच सांगते की ऐकून पप्पा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि मावशीनं मान खाली घातली नाही.

मी पुढे समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं. वर्गात सरांनी एकदा विचारलं होतं, समाजानं विसरायचं कधी आणि लक्षात ठेवायचं कधी? मी हात वर केला, उभी राहिले आणि परत खाली बसले. माझ्यासमोर तो रविवार होता. कायदा म्हणत होता विसरा, आणि कायदा मला पटत होता. मावशी म्हणत होती लपवू नका, आणि मावशीही मला पटत होती. आणि दोघांच्या मध्ये आईनं, कुणाचंच न ऐकता, एका पोराला मरू द्यायचं नाही म्हणून वेगळी फोडणी दिली होती. आज माझी मुलगी मला विचारते, "आई, मग बरोबर कोण होतं?" मी तिला पदवीचा कागद दाखवून म्हणते, यात लिहिलेलं नाही. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला सगळे जमतात तेव्हा पोहे अजूनही दोन कढयांत होतात. तरी मला उत्तर सापडलंय असं मी म्हणणार नाही.

त्या दिवशी कुणी काही ठरवलं नाही. पोहे गार झाले होते. सागरनं पप्पांना नमस्कार केला, पप्पांनी मान हलवली, पण खांद्यावर हात टाकला नाही, जो ते नेहमी टाकायचे. तो दारात बसून बुटांच्या नाड्या बांधू लागला. आई झारा घेऊन स्वयंपाकघराच्या चौकटीत, मी तिच्या मागे. मावशी अजून बसलेलीच होती. तो उठला, पाठ वळवायच्या आधी आईकडे बघितलं आणि गेटवर म्हणाला होता तसंच, स्पष्ट, मोठ्यानं म्हणाला, "जातो, काकू."

आईनं सवयीनं मान हलवली.

"जातो काय?" मावशी म्हणाली. तिला गेट माहीत नव्हतं, तुकाराममामा माहीत नव्हते, तिथली पद्धत माहीत नव्हती. कुठल्याही घरातली बाई कुठल्याही पाहुण्याला दटावते तसं ती चिडून बोलली. "घरातून निघताना असं म्हणतात व्हय? येतो म्हणावं."

सागर उंबऱ्यावर थांबला. तो आईकडे बघू लागला, ओळीत हात पालथा धरून बघायचा तसा, काढू की नको.

"म्हण," आई म्हणाली. "इथून म्हटलं तर चालतं."